आतून कडी असलेली गाडी

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने वाटेवरचा प्रदेश पाहिलेला असावा, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. माझी अडचण इथूनच सुरू होते. मंगरूळपीरहून मानोऱ्यामार्गे पोहरादेवी आणि तिथून वाशीम असा प्रवास मी नुकताच केला, पण त्यातला बराचसा एका पत्र्याच्या पेटीत, आतून कडी लावून बसून केला. पेटीला एकच खिडकी होती आणि तिच्यात कूलर बसवला होता. त्यामुळे या लेखात जो निसर्ग येईल तो कूलरच्या वाळ्यातून दिसलेला आहे. तो जरा तपकिरी वाटला तर दोष प्रदेशाचा नाही.

मंगरूळपीर

पेटी म्हणजे माझा प्रोजेक्ट. वाशीमच्या एका कॉलेजात मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे तिथे कोणी काही म्हणालं की ते खरंच असणार असं मला अजून वाटतं. सरांनी वर्गात एक व्हिडिओ दाखवला होता. त्यात एक परदेशी माणूस मोटारीमागे छोटी पेटी ओढत तळ्याकाठी जातो, पेटीचं मागचं झाकण उघडून अंडी तळतो, कुत्र्याशी बोलतो आणि आत जाऊन झोपतो. संपूर्ण व्हिडिओत त्याला कोणीही विचारत नाही की तुम्ही कुठले, कोणाचे, आणि घरी भांडण झालं का.

"याला म्हणतात सेल्फ-कन्टेन्ड," सर म्हणाले. "झोप, स्वयंपाक, पाणी, वीज, सगळं आत. कोणाकडे काही मागायचं नाही. आपल्या जिल्ह्यात पर्यटन यामुळेच मागे आहे."

मी हात वर केला. मला वाटलं, प्रश्न विचारायला केला. सरांना वाटलं, प्रोजेक्ट घ्यायला.

अट अशी ठरली: पेटी घेऊन तीन दिवस फिरायचं. बाहेरचं अन्न नाही, बाहेरचं पाणी नाही, दोन्ही रात्री झोप पेटीतच. तिसऱ्या दिवशी पेटी कॉलेजात हजर करायची. बाहेरून परीक्षक येणार. पास झालो तर डिप्लोमा. नाही झालो तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं तर दिवाळीनंतर आई-बाबांसोबत मलाही ऊसतोडीला जावं लागणार. मुकादमाने बाबांना तसं विचारूनही ठेवलं होतं.

आई-बाबा दरवर्षी तोडीला जातात आणि होळीच्या पुढेमागे परततात. तिकडे उसाच्या फडाजवळ पाचटाच्या, बिनदाराच्या कोपीत राहतात. मी आईला कॅम्पिंग समजावून सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

"म्हंजे घर असून बाहेर झोपाचं?"

"हो."

"उघड्यावर रांधाचं?"

"हो, पण मजेसाठी."

"पैसे कोन देते? मुकादम?"

"नाही आई. आपणच द्यायचे."

तिने सुपातला एक खडा उचलून अंगणात फेकला. "आमी इतके वर्सं कोपीत राह्यलो, अन् हा शिकून कोपीले चाकं लावून राह्यला," ती म्हणाली. हे ती मला नाही, सुपाला म्हणाली. पेटी तयार झाल्यावर गल्लीतले सगळे बघून गेले. आई आली नाही.

पेटी बनवली रफिक चाचांनी. दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. ते गेट आणि कूलरचे स्टँड बनवतात. त्यांनी आजवर दुसरं काही बनवलेलं नाही आणि खरं सांगायचं तर माझा ट्रेलरही त्यांनी बनवला नाही. त्यांनी चाकं असलेलं एक गेट बनवलं, ज्याच्या आत झोपता येतं.

"चाचा, वर हे भाले काहून लावले?"

"शोभा हाये बेटा."

"पण हा ट्रेलर आहे. गेट नाही."

"गेट काय, ट्रेलर काय, चीज दमदार पायजे. उद्या बैलानं शिंग मारलं तं?"

व्हिडिओतल्या माणसाला बैल भेटला नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी दाराचं पान बसवलं. चाचांनी त्यावर लोखंडी पट्टीची वेल आणि फुलं काढली होती, आणि वाड्याच्या मोठ्या फाटकाला लावतात तशी जाडजूड कडी. बसवून झाल्यावर आम्ही मागे सरकून पाहिलं. बाहेरून दार सपाट होतं. वेल, फुलं आणि कडी आतल्या बाजूला गेली होती. पान उलटं बसलं होतं.

चाचांनी दार एकदा उघडलं, एकदा लावलं. मग म्हणाले, "अंदर झोपनाऱ्याले फुलं दिसतीन. बाहेरच्याले कायले दाखवाची?"

पुन्हा कापून जोडू म्हटलं तर वीज गेली होती आणि सकाळी निघायचं होतं. याचा परिणाम काय होणार हे मला पहिल्या वळणावर कळलं. पेटी बाहेरून बंदच होत नव्हती. दोरी बांधावी तर सपाट पत्र्यावर बांधायला काही नव्हतं. चाचांची तीनचाकी लोडिंग ऑटो पुढे, मागे पेटी, आणि दर खड्ड्याला दार धाडकन उघडून मागच्या मोटारसायकलवाल्याला बोलावणार. उपाय एकच. कोणीतरी आत बसून कडी लावायची. ऑटो चाचा चालवत होते.

मानोऱ्याकडे

पेटीत बसून केलेल्या प्रवासात प्रदेश नाकाला आधी कळतो. आधी डांबर, मग कोणाच्या तरी गोठ्याचं शेण, मग भज्यांचं तेल. तेलाचा वास स्थिर झाला म्हणजे ऑटो थांबली. मी वाळ्याला डोळा लावला. एक फाटा, चहाची टपरी, आणि पेटीभोवती माणसं.

कोणीतरी पत्र्यावर टकटक केली. "कुल्फी हाये का?"

"नाही," मी आतून म्हणालो.

बाहेर कोणीतरी मागे सरकलं. मग पळापळीचा आवाज. "अबे, आतमंदी मानूस हाये!"

मी कडी काढून बाहेर आलो आणि सगळ्यांना नमस्कार केला. त्यामुळे संशय वाढला. एका पांढऱ्या टोपीवाल्या काकांनी पेटीला फेरी मारली, वरचे भाले पाहिले, सोलरचं पॅनल पाहिलं आणि चाचांना विचारलं, "कोन्त्या पक्षाची गाडी हो?"

"अजून ठरलं नाई," चाचा म्हणाले.

काकांना हे उत्तर पटलं. त्यांनी आमच्या चहाचे पैसे दिले. मी चहा घेतला नाही. तो बाहेरचा होता. मी पेटीचं मागचं झाकण उघडून माझ्या स्टोव्हवर स्वतःचा चहा ठेवला. टपरीपासून चार पावलांवर, टपरीवाल्याच्या देखत. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या घरी जेवायला बसून डबा उघडला होता. वारा होता, स्टोव्ह दोनदा विझला. शेवटी त्यानेच येऊन स्टोव्हला पोत्याचा आडोसा धरला. धरताना तो सारखा तोंड फिरवून हसत होता.

संध्याकाळी आम्ही रस्त्याकडेच्या एका शेतात थांबलो. तिथे हळद शिजत होती. मोठे लोखंडी पिंप, खाली जाळ, वाफेला ओल्या मातीचा आणि औषधाचा मिसळलेला वास. शेताचे मालक बाजीराव भाऊ म्हणून होते. त्यांच्या हातांना कोपरापर्यंत पिवळा रंग होता.

"थांबा ना बापा. जागेले काय दुष्काळ हाये? जेवाले इकडेच या."

मी त्यांना सेल्फ-कन्टेन्ड समजावून सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं.

"म्हंजे आमच्या हातचं चालत नाई?"

"तसं नाही भाऊ. सरांनी सांगितलंय."

"सर येऊन राह्यले का इथं?"

"नाही."

"मंग?"

त्यांच्या घरच्या बाईंनी एव्हाना ताटं वाढली होती. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. माझ्याकडे पेटीत झटपट शिजणाऱ्या शेवयांची पाकिटं होती. भाऊंचा चेहरा पडला होता. माझ्या गावात कोणी दारात येऊन असं वागला असता तर त्याची आठवण वर्षभर निघाली असती. तिढा चाचांनी सोडवला. त्यांनी दोन्ही ताटं उचलली, पेटीत नेऊन ठेवली, दार लावलं, दार उघडलं आणि ताटं बाहेर आणली.

"घे. आता डब्यातलं झालं."

मी जरा अडखळलो. पण आमच्या कॉलेजात प्रयोगाच्या वह्याही याच पद्धतीने पूर्ण होतात, हे आठवून जेवलो. वांगी उत्तम होती.

झोपेचं मात्र जमलं नाही. चैत्रात कूलरशिवाय झोपायची खोली आमच्याकडे कोणी कागदावरही काढत नाही, म्हणून मीही काढली नव्हती. व्हिडिओतल्या माणसाकडे कूलर नव्हता आणि माझ्याकडे होता, याचा मला थोडा अभिमानच वाटला होता. टाकीतलं पाणी मी तीन दिवस पुरेल असं भरलं होतं, पण कूलरला हे कोणी सांगितलं नव्हतं. जेवण होऊन हात धुवायला गेलो तर टाकी कोरडी, बॅटरी बसलेली, आणि पेटी दिवसभर उन्हात तापलेल्या तव्यासारखी. भाऊंनी शेतात दोन खाटा टाकल्या. खाट पेटीत नेऊन परत आणता येण्यासारखी नव्हती.

पोहरादेवी

पोहरादेवीला यात्रा भरली होती. गावाच्या अलीकडेच गर्दीने ऑटोचा वेग बैलगाडीचा केला, आणि मी पेटीतून उतरून पायी चालू लागलो. त्यामुळे इथून पुढचं वर्णन रंगीत आहे.

ऑटो एका नांगरलेल्या शेतात शिरली, आणि जे पाहिलं ते पाहून मला माझ्या अहवालाची प्रस्तावना आठवली. तिच्यात मी लिहिलं होतं, 'आपल्या भागात या संकल्पनेची ओळख नाही.' समोर नजर पोचेल तिथपर्यंत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या होत्या. प्रत्येक ट्रॉलीवर बांबू वाकवून ताडपत्री, आत गाद्या, खाली सावलीत माठ, दोन चाकांच्या मध्ये चूल, बाजूला बांधलेला झोका. तांड्या-तांड्यांवरून बंजारा कुटुंबं घर घेऊन आली होती. एका ट्रॉलीत शिलाई मशीनही होतं. कोणाकडेच अहवाल नव्हता.

आमची पेटी सगळ्यांत लहान होती. शेजारच्या ट्रॉलीतल्या एक आजी काठी टेकत बघायला आल्या. हातांत कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोक्यावर आरसे लावलेली ओढणी. त्यांना सगळे याडी म्हणत होते, म्हणजे आई, म्हणून मीही म्हणालो.

"किती मानसं मावतात?"

"दोन, याडी."

"बाकीचे?"

"बाकीचे येतच नाहीत. ते दोघंच फिरतात."

याडींनी माझ्याकडे दयेने पाहिलं. मी घाईने सोलर पॅनल दाखवलं, घडीचं टेबल दाखवलं, टाकीचा नळ फिरवून दाखवला. त्यातून पाणी आलं नाही. त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. त्या वाकून दाराच्या आतल्या बाजूला बघत होत्या.

"हे आतून बंद होते का?"

"आतूनच होतं. बाहेरून होतच नाही, तीच तर अडचण आहे."

"मंग हट," याडी म्हणाल्या.

त्यांनी मागे वळून हाक मारली. ट्रॉलीच्या सावलीत त्यांची सून बसली होती. मांडीवर महिना-दीड महिन्याचं बाळ, ओढणीचा आडोसा आणि चहूबाजूंनी माणसं. बाळ रडून लाल झालं होतं. ती उठली, कोणाकडे न बघता माझ्या प्रोजेक्टमध्ये शिरली, आणि कडी लागल्याचा आवाज आला. मोठा, दणकट, गेटचा आवाज. थोड्या वेळाने बाळाचं रडणं थांबलं.

ती बाहेर आली तेव्हा दारासमोर आणखी तिघी उभ्या होत्या. एकीला ओलं लुगडं बदलायचं होतं, एकीला बाळाला पाजायचं होतं, तिसरीने कारण सांगितलं नाही. तासाभरात रांग शेजारच्या ट्रॉलीला वळसा घालून गेली. एवढी मोठी यात्रा, देवीचं देऊळ, दुकानं, पाळणे, भोंगे, आणि त्या सगळ्या शेतात आतून कडी लागणारी जागा ही एकच. ती सुद्धा चुकून झालेली.

चाचांनी कामाचा ताबा घेतला. ते दाराकडे पाठ करून कंबरेवर हात ठेवून उभे राहिले आणि कोणी पुरुष रेंगाळला की ओरडायचे, "ओ भाऊ, तोंड तिकडे! मंदिर तिकडे हाये!" मी विचारलं, आत इतका वेळ काय चाललं असेल? माझं घडीचं टेबल नाजूक होतं.

"ते इचाराचं नसते बेटा," चाचा म्हणाले.

बायकांनी टँकरवरून कळशा आणून टाकी भरली. माझ्या मते हे बाहेरचं पाणी होतं. पण त्यांनी मत विचारलं नाही. कोणीतरी पेटीला हळदकुंकू लावलं. भाल्यांवर ओले कपडे वाळत पडले, आणि चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भाल्यांचा विषय कायमचा सोडला.

दुपारी सरांचा व्हिडिओ कॉल आला.

"हं गोपाल, दाखव. आतून दाखव, राहतोयस कसा ते."

"सर, आतून दाखवता येणार नाही."

"का?"

"आत बाया आहेत, सर."

सरांचा चेहरा पडद्यावर थिजला. मला वाटलं नेटवर्क गेलं. नव्हतं गेलं.

"प्रोजेक्ट कुठे आहे तुझा?"

"वापरात आहे, सर."

मी त्यांना रांग दाखवली. त्यांनी फोन खाली घे म्हणून सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, उद्या बाहेरच्या मॅडम येताहेत. कडक आहेत. काल रात्री आत झोपलास?"

"नाही सर."

"आज तरी झोप. एक रात्र झाली तरी मी सांभाळून घेईन. नाहीतर पुढच्या वर्षी भेटू."

मी झोपणार होतो. खरंच झोपणार होतो. सूर्य कलला, रांग संपली, मी शेवया शिजवायला पातेलं काढलं. तेवढ्यात याडींची सून बाळाला घेऊन परत आली. दिवसभराच्या धुळीने बाळाचे डोळे चिकटले होते. तिने मला विचारलं नाही. विचारायची तिची पद्धत नसावी. ती फक्त दाराशी उभी राहिली. मला मुकादम आठवला. मग पातेलं घेऊन मी बाजूला झालो. कडीचा आवाज आला. मी याडींच्या ट्रॉलीखाली, त्यांच्या नातवंडांच्या रांगेत झोपलो. जेवायलाही त्यांच्याकडेच होतो. रोडगे आणि वरण. या वेळी ताट पेटीत नेऊन आणायचीही सोय नव्हती.

वाशीम

वाशीमला पोचेपर्यंत मी पुन्हा आत होतो, कडी लावून. पेटीला तेलाचा, दुधाचा आणि अगरबत्तीचा वास येत होता. दाराच्या एका लोखंडी फुलाला कोणीतरी लाल दोरा बांधून गेलं होतं. मी अट कशी मोडली ते मनात सरांच्या भाषेत मांडून पाहत होतो. अन्न बाहेरचं, पाणी बाहेरचं, झोप बाहेरची. आतलं म्हणण्यासारखं फक्त मीच होतो, तोही दार धरायला.

कॉलेजच्या आवारात प्रोजेक्ट मांडले होते. परीक्षक मॅडम पहाटेच्या बसने निघून आल्या होत्या आणि आल्यापासून उभ्याच होत्या. आमच्या कॉलेजातलं बायकांचं स्वच्छतागृह त्या दिवशी कुलूपबंद होतं, तोंड धुवायलाही आडोसा नव्हता; चावी ज्याच्याकडे होती तो लग्नाला गेला होता. मॅडमनी हे सरांना दोनदा विचारलं होतं आणि सरांनी दोन्ही वेळा चहा मागवला होता.

माझी पाळी आली.

"किती रात्री झोपलात यात?"

सरांनी मला डोळ्यांनी खुणावलं.

"एकही नाही, मॅडम."

"मग चाचणी कशाची झाली?"

मी विचार केला. "कडीची," मी म्हणालो.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मग मी सगळं सांगितलं, दार उलटं बसल्यापासून. याडी, सून, रांग, कळशा. सांगताना माझी भाषा सरळ गावाकडे गेली आणि 'मले', 'तुले' येऊ लागलं, पण मॅडमनी थांबवलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी दार ढकलून पाहिलं, आत डोकावल्या, टाकीचा नळ सोडला. पोहरादेवीचं पाणी आलं.

"बघते," त्या म्हणाल्या आणि पर्स घेऊन आत गेल्या. कडीचा आवाज झाला.

आम्ही उन्हात उभे होतो. सरांनी घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "इतका वेळ आत काय करताहेत?"

मी काही बोलायच्या आत चाचांनी सरांच्या खांद्यांना धरून त्यांना अलगद उलटं वळवलं. "सर, तोंड तिकडे. कॉलेज तिकडे हाये."

असे आम्ही तिघं पेटीकडे पाठ करून ओळीने उभे राहिलो. सरांच्या हातात माझा अहवाल होता, तो त्यांनी डोक्यावर धरला.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांचे केस नीट बांधलेले होते आणि तोंड धुतलेलं. त्यांनी सरांकडून अहवाल घेतला, प्रस्तावनेतलं एक वाक्य खोडलं आणि सही केली.

"कूलर काढा," त्या म्हणाल्या. "बॅटरी खातो. दार तसंच ठेवा."

मंगरूळपीर, परत

पेटी आता आमच्या गल्लीत, आमच्या खोलीसमोर उभी आहे. मी पास झालो. मुकादमाला बाबांनी कळवलं आहे. सर आता प्रत्येक पाहुण्याला 'आमची महिला सुविधा गाडी' म्हणून माझ्या पेटीचे फोटो दाखवतात, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना दार उलटं बसवायला सांगणार आहेत.

आई अजून पेटीबद्दल काही बोलली नव्हती. परवा दुपारी मी पायरीवर बसून हे वर्णन लिहीत होतो. तिने भांडी घासून पालथी घातली, पदराला हात पुसले आणि पेटीपाशी आली. आधी चाकाला हात लावला, मग दार ढकलून आत गेली. लोखंडी फुलांकडे बघत ती थोडी थांबली. मग दार लागलं, आणि कडीचा आवाज आला.

मी वही उचलली आणि दाराकडे पाठ करून बसलो.